पायमिओची खुर्ची आणि पडून राहणारा माणूस

फिनलंडमधील पायमिओ या गावाजवळ क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या सॅनेटोरियमकरिता १९३१-३२ च्या सुमारास तयार झालेली एक लाकडी खुर्ची आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे, घरसजावटीच्या चकचकीत मासिकांत आहे, आणि माझ्याकडे घराचे काम घेऊन आलेल्या, कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातील एका निवृत्त डॉक्टरांच्या मोबाइलमध्येही आहे. 'अशी खुर्ची गॅलरीत हवी', एवढीच त्यांची मागणी होती. अंतर्गत सजावटीच्या व्यवसायात अशा मागण्या रोजच्याच असतात. छायाचित्र दाखवायचे आणि सुताराने ते उतरवायचे, असा सरळ व्यवहार असतो. या खुर्चीच्या बाबतीत मात्र तो व्यवहार मला मानवला नाही, कारण तिचे एकेक वळण ज्या इमारतीतून आले ती बाजूला ठेवली, तर हातात केवळ एक नखरेल आकार उरतो, आणि आकारापुरते पाहायचे तर तिच्याहून आरामशीर खुर्च्या आपल्याकडे पुष्कळ आहेत.

म्हणून आधी इमारतीविषयी. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला, पण त्याला मारणारे पहिले खात्रीचे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४३ साल उजाडावे लागले. मधल्या साठ वर्षांत रोगाचे कारण ठाऊक होते आणि इलाज मात्र नव्हता. विश्रांती, सकस अन्न, ऊन आणि मोकळी हवा यांवरच सारी भिस्त होती. कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही. मिरजेजवळचे वानलेसवाडीचे सॅनेटोरियम त्याच काळातले, १९२० च्या सुमारास सुरू झालेले, आणि दुखण्यातून उठलेल्या माणसाला हवापालटासाठी पन्हाळ्यावर पाठवण्याची रीत तर कालपरवापर्यंत होती. औषधच नसल्यामुळे इमारतीनेच औषधाचे काम करावे, अशी अपेक्षा त्या काळच्या वास्तुरचनाकारांपुढे ठेवली गेली. खिडकी किती मोठी, सज्जा कोणत्या दिशेला, भिंतीला धूळ धरणारी नक्षी असावी की नसावी, हे प्रश्न रुचीचे राहिले नाहीत. ते थेट प्रकृतीचे झाले. आधुनिक वास्तुकलेतील सपाट पांढऱ्या भिंती, लांबच लांब सज्जे आणि काचेची रेलचेल यांमागे यंत्रयुगाचे आकर्षण होते असे आपण शिकतो; त्यामागे क्षयाची भीतीही तितकीच होती, असे माझे मत आहे. नेदरलँड्समध्ये हिल्व्हर्सम येथे यान डॉयकर यांनी बांधलेले 'झोनेस्ट्राल' हे सॅनेटोरियम पायमिओच्या थोडे आधीचे, आणि दोन्ही इमारतींची छायाचित्रे शेजारी ठेवली की त्यांचे नाते लपत नाही.

पायमिओच्या सॅनेटोरियमसाठी घेतलेली स्पर्धा १९२९ मध्ये फिनलंडचे वास्तुरचनाकार अल्वार आल्टो यांनी जिंकली. तेव्हा त्यांनी नुकतीच तिशी गाठली होती. पत्नी आयनो आल्टो याही वास्तुरचनाकार होत्या, दोघांचे कार्यालय एकच होते, आणि त्या कार्यालयातून बाहेर पडलेल्या फर्निचरवर केवळ अल्वार यांचेच नाव घालण्याची सवय योग्य नाही, हे जाता जाता नोंदवते. इमारत १९३३ मध्ये सुरू झाली. पाइनच्या जंगलात, गावापासून दूर, सुमारे तीनशे रुग्णांची सोय असलेली ही काँक्रीटची वास्तू एका चौकोनात कोंबलेली नाही. तिचे पंख वेगवेगळ्या दिशांना पसरले आहेत. रुग्णांच्या खोल्यांचा लांबट, अरुंद पंख सकाळचे ऊन घेतो, त्याच्या टोकाला ऊन खात पडून राहण्याच्या सज्जांचा पंख आहे, आणि स्वयंपाकघर, भोजनगृह व कर्मचाऱ्यांची घरे यांना त्यांच्या कामाप्रमाणे वेगळी दिशा मिळाली आहे.

मला सर्वांत जास्त गुंतवते ती तिथली दोन खाटांची साधी खोली. आल्टो यांनी पुढे लिहिले आहे की हे काम हाती आले तेव्हा ते स्वतः आजारी होते आणि पडून राहणाऱ्याला खोली कशी दिसते, हे त्यामुळे त्यांना अनुभवता आले. एरवी खोली आखली जाते ती उभ्या माणसासाठी. उभा माणूस भिंती पाहतो. पडून राहिलेल्या माणसापुढे दिवसभर छत असते. म्हणून पायमिओच्या खोलीतले छत पांढरेशुभ्र न ठेवता मंद हिरवट रंगाचे ठेवले गेले. दिवा अशा जागी आला की उशीवर डोके टेकलेल्या माणसाच्या डोळ्यांत तो थेट येत नाही. उष्णता देणारे पट्टे छतातच बसवले, पण त्यांची ऊब रुग्णाच्या पायांकडे पडेल आणि डोके तापणार नाही, अशा बेताने. बाहेरची गार हवा दुहेरी खिडकीच्या मधल्या पोकळीतून फिरून, थोडी कोमट होऊन आत यावी, अशी योजना केली. कपाटे भिंतीला टांगली, म्हणजे खालची फरशी सलग पुसता येते. डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकू नये म्हणून दाराच्या मुठीला वेगळे वळण दिले.

यातली वॉशबेसिनची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. खोलीत दोन रुग्ण, प्रत्येकाचे बेसिन वेगळे. एक जण रात्री हात धुवायला उठला की नळाचे पाणी चिनी मातीवर आदळून आवाज करते आणि महत्प्रयासाने डोळा लागलेला दुसरा जागा होतो. त्यावर उपाय म्हणून बेसिनचा उतारच असा काढला की पाण्याची धार तिरकी, अगदी लहान कोनात पृष्ठभागाला लागावी आणि गाजावाजा न करता घरंगळत खाली जावी. आपल्याकडच्या कुठल्याही रुग्णालयात रात्र काढलेल्या माणसाला या एका बेसिनची किंमत कळेल. बेसिनचा आकार इथे शेजारच्या खाटेवर झोपलेल्या माणसावरून ठरला, ही गोष्ट ध्यानात ठेवूनच खुर्चीकडे वळायला हवे.

१९२० च्या दशकात युरोपातील पुढारलेले वास्तुरचनाकार पोलादी नळ्यांच्या मोहात होते. मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५ मध्ये वाकवलेल्या नळीची खुर्ची केली. पुढच्या काही वर्षांत ल कॉर्ब्युझिए, पिएर झानरे आणि शार्लोट पेरिआँ यांची लांब आरामखुर्ची आली, मीस व्हान डेर रोह आणि लिली राइश यांची, नळीऐवजी सपाट पोलादी पट्ट्यांची, बार्सिलोनाची खुर्ची आली. आल्टो दांपत्यानेही आपल्या तुर्कूच्या घरासाठी ब्रॉयर यांचे फर्निचर घेतले होते, म्हणजे पोलादाला त्यांनी पुढे केलेला विरोध ऐकीव माहितीवर आधारलेला नव्हता. पोलाद अंगाची ऊब फार झपाट्याने ओढून घेते, त्यावरून उजेड डोळ्यांवर चमकतो आणि ते आवाजही करते. माणसाच्या अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूसाठी हे दोष मोठे आहेत, असे आल्टो यांचे म्हणणे होते. यात हट्ट मात्र नव्हता. पायमिओतील रुग्णांचे पलंग नळीच्या पोलादाचेच होते, कारण पलंगाच्या दांडीला कोणी तासन् तास पाठ टेकत नाही. जिथे कातडी लागते तिथे लाकूड, असा हा हिशेब दिसतो. फिनलंडच्या थंडीतला हा युक्तिवाद कोल्हापुरात उलट्या बाजूने तितकाच खरा ठरतो; वैशाखात दुपारी गच्चीवर राहिलेल्या लोखंडी खुर्चीवर बसून पाहावे.

लाकूड निवडले ते बर्चचे. फिनलंडच्या जंगलात ते मुबलक आहे, त्याचे पातळ पापुद्रे छान निघतात आणि ते चिवट असते. तुर्कू शहरात ओट्टो कोर्होनेन यांचा फर्निचरचा कारखाना होता. त्यांच्याबरोबर आल्टो १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून लाकूड वाकवण्याचे प्रयोग करत होते. कोर्होनेन यांच्यासारखा कारागीर-कारखानदार नसता, तर ही खुर्ची कागदावरच राहिली असती.

तिची घडण पाहू. दोन बाजूंना दोन बंद कडी आहेत. एकेक कडे जमिनीवरून सरपटत पुढे येते, वर उठते, मागे वळून हाताचा टेका होते आणि पुन्हा खाली उतरून जमिनीला मिळते. पाय, टेका आणि तळपट्टी असे वेगळे तुकडेच नाहीत. या दोन कड्यांच्या मधोमध प्लायवूडची एकच सलग पातळ फळी झुलते. तीच बैठक आणि तीच पाठ, वर डोक्यामागे आणि खाली गुडघ्यांपुढे पोथीच्या गुंडाळीसारखी वळलेली. कड्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या आडव्या काठ्या थोड्याच, आणि वरच्या वळणाजवळ फळीला काही अरुंद आडव्या खाचा. साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ६५ सेंटीमीटर उंच, म्हणजे ती चांगलीच बुटकी आहे.

एकाच खुर्चीत लाकडाच्या दोन वेगवेगळ्या रीती आहेत, हे छायाचित्रात कळत नाही. कड्यांमध्ये लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवल्या आहेत आणि सर्वांच्या रेषा एकाच दिशेने, म्हणजे कड्याच्या लांबीच्या दिशेने धावतात, म्हणून कडे स्प्रिंगेसारखे थोडे लवते आणि मोडत नाही. बैठकीची फळी हे प्लायवूड आहे, म्हणजे त्यातल्या थरांच्या रेषा एकाआड एक उभ्या-आडव्या आहेत. त्यामुळे रुंद फळी चिरत नाही, पण अशा फळीला इतके घट्ट वळण देणे म्हणजे लाकडाची परीक्षाच. डोक्याकडची गुंडाळी पाहिली की कारखान्यात किती फळ्या तडकल्या असतील, हा विचार सुतारकामाशी संबंध असलेल्या कोणाच्याही मनात आल्याशिवाय राहणार नाही.

पाठीचा कल क्षयरोग्याला श्वास घ्यायला सोपे जावे म्हणून ठरवला, असे या खुर्चीबद्दल सर्वत्र सांगितले जाते. माझ्या डॉक्टरसाहेबांना मी हे विचारले. दम लागलेला माणूस उताणा झोपू शकत नाही, त्याला उशा लावून अर्धवट बसते करावे लागते, तसे बसवल्यावर पोटाचा भार श्वासपटलावरून उतरतो आणि छातीला फुलायला जागा मिळते, हे त्यांच्या रोजच्या अनुभवातले होते. पण खुर्चीने फुप्फुस बरे होते असे कोणी समजू नये, हेही त्यांनी हसत बजावले. मला ते पटते. खुर्चीभोवती दंतकथा फार जमल्या आहेत. रुग्ण उन्हात तासन् तास पडून राहत ते सज्जांतल्या लांब आसनांवर. ही खुर्ची होती ती बसण्या-बोलण्याच्या सामाईक दालनांसाठी, खाटेवरून उठून चार माणसांत यायला लागलेल्या रुग्णासाठी. मला तिचे महत्त्व उलट यामुळे जास्त वाटते. पलंगावरचा 'पेशंट' आणि घरचा धडधाकट माणूस यांच्या मधल्या अवस्थेतल्या माणसाची सोय करणाऱ्या वस्तू फार थोड्या असतात.

दुसरा मुद्दा गादीचा. तिला गादी नाही, आणि ती विसरल्यामुळे राहिलेली नाही. ज्या रोगात थुंकी आणि धूळ यांचीच सर्वांत जास्त धास्ती, तिथे काथ्या-कापूस भरलेली, कापडाने मढवलेली बैठक ठेवणे म्हणजे जंतूंना घर बांधून देणे होते. गुळगुळीत रंगवलेली फळी ओल्या फडक्याने पुसता येते. मग गादीविना टोचू नये ही जबाबदारी फळीच्या वळणावर आणि तिच्या लवचिकपणावर आली. या खुर्चीच्या नकला विकणारी काही दुकाने त्यावर चार इंच फोम आणि रेक्झिन चढवतात, तेव्हा मला वाईट वाटते ते पावित्र्यभंगाचे नव्हे. फोमच घालायचा तर एवढी फळी वाकवण्याचा खटाटोप कशासाठी, हा साधा प्रश्न आहे.

इमारत आणि खुर्ची यांच्यातले साम्य मला आणखी एका ठिकाणी दिसते, आणि हे माझे स्वतःचे वाचन आहे. सज्जांच्या पंखात काँक्रीटच्या उभ्या आधारातून पातळ मजले बाहेर झेपावतात. आधार देणारा भाग आणि माणसाला झेलणारा भाग स्पष्ट वेगळे दिसतात. खुर्चीतही कडी उभी राहतात आणि फळी माणसाला झेलते. दोन्हींत कुठेही झाकपाक नाही. ज्याने एक आखले त्यानेच दुसरे आखले, हे सांगावे लागत नाही.

पुढची हकिगत थोडक्यात. १९३३ मध्ये लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या दुकानात आल्टो यांच्या फर्निचरचे प्रदर्शन झाले आणि ब्रिटनमधून मागणी वाढली. १९३५ मध्ये आयनो व अल्वार आल्टो, माइरे गुलिकसेन आणि निल्स-गुस्ताव्ह हाल यांनी हेलसिंकीत 'आर्टेक' ही कंपनी काढली, जी ही खुर्ची आजही बनवते. औषधे आल्यावर सॅनेटोरियमे ओस पडू लागली आणि पायमिओचे पुढे सर्वसाधारण रुग्णालय झाले. सार्वजनिक पैशाने, गरीब-श्रीमंत सर्वांसाठी केलेली खुर्ची आता एवढी महाग झाली आहे की तिच्या किमतीत मध्यमवर्गीय घराचे सगळे फर्निचर व्हावे. डॉक्टरांनी किंमत पाहिली आणि 'इथेच करून घेऊ' म्हणाले ते त्यामुळेच.

इथे करून घ्यायची म्हणजे कोणाकडून, हा प्रश्न कोल्हापुरात इतर गावांपेक्षा सोपा आहे. साधा सुतार सरळ लाकडाचा कसबी असतो. वळणाचा कसबी म्हणजे उद्यमनगरातला पॅटर्नवाला. फाउंड्रीत धातू ओतण्यासाठी लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, करण्यात ज्यांची हयात गेली, ते अर्ध्या मिलिमीटरवर भांडतात. मी नकाशे घेऊन अशाच एका वयस्कर कारागिरांकडे गेले. त्यांनी बाजूच्या कड्याचा कागद उलटसुलट करून पाहिला, बोटाने वळणाची त्रिज्या अंदाजली आणि म्हणाले, "ताई, ह्यात लाकडाचं काय न्हाई, साचा म्हाग पडतोय." मग त्यांनीच मुद्दा काढला. बिडाच्या ओतकामात धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न साधारण एक टक्का मोठा ठेवतात. इथे उलटे होणार होते. चिकटवलेल्या पट्ट्या शिकंज्यातून सोडल्या की थोड्या उलगडतात, म्हणून साचा हव्या त्या वळणापेक्षा घट्ट करायला हवा, आणि किती घट्ट हे लाकूड बदलेल तसे बदलते. त्यांनी लागलीच दोन मिलिमीटरच्या पट्ट्या वाकवून, चिकटवून पाहायला घेतल्या.

लाकडाची आणि गोंदाची निवड हा वेगळाच वाद होता. सागवानाला तेलकटपणा असतो, त्यामुळे पातळ थर चिकटवताना त्याची खात्री वाटत नाही; म्हणून बाजारात मिळणारे बीच झाडाचे लाकूड घ्यायचे ठरले. नेहमीचा पांढरा गोंद सतत ताणाखाली राहिला तर हळूहळू सरकतो आणि वळण सैल पडते, तेव्हा दोन भागांत मिसळून कडक होणारा रेझिनचा गोंद हवा. बैठकीची फळी मात्र इथे होणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या घट्ट गुंडाळीसाठी गरम प्रेस आणि दोन्ही बाजूंचे जुळे साचे लागतात, आणि एका खुर्चीसाठी तो खर्च कोणी करणार नाही.

त्यातून जे ठरले ते मला मूळ खुर्चीशी इमान राखणारे वाटते, दिसायला ती वेगळी होणार असली तरी. पायमिओत बसणारे रुग्ण बहुतेक तरुण होते, कारण क्षय तेव्हा ऐन उमेदीतली माणसे गाठत असे. त्यांना ३३-३५ सेंटीमीटरवरची बुटकी बैठक चालली. आमचे डॉक्टर सत्तरी ओलांडलेले, त्यांचे गुडघे दुखतात, आणि तेवढ्या खोल बैठकीतून उठायला त्यांना दर वेळी हात द्यावा लागेल. म्हणून बैठक ४२ सेंटीमीटरवर नेली आणि हाताचा टेका पुढे थोडा वाढवला, म्हणजे उठताना त्यावर जोर देता येईल. फळीच्या जागी वेताची वीण येईल. आषाढातल्या दमट हवेत पाठीला वारा लागायला हवा, आणि वीण पुसून काढता येते. पाठीचा कल तेवढा नकाशाबरहुकूम राहील, कारण दुपारचे जेवण झाल्यावर ते तिथे पेपर वाचत अर्धवट पडणार आहेत. वेतकाम करणाऱ्यांना वळणदार कडी विणकामाआधी हातात हवी आहेत, आणि हवेत ओल असताना पट्ट्या चिकटवायला पॅटर्नवाले तयार नाहीत, तेव्हा पहिले कडे साच्यावर चढेल ते पाऊस उघडल्यावर.